४१ टक्क्यांचा पेपर आणि ९९ टक्क्यांचा पेपर

"कुत्रा वासावरून कॅन्सर ओळखतो" ही बातमी तुम्ही कधी ना कधी वाचली असेल. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी जर्नल क्लबमध्ये याच विषयावरचा पेपर घेतला होता. कॅलिफोर्नियातला, २००६ सालचा. पाच कुत्रे, फुफ्फुसाच्या कॅन्सरचे ५५ रुग्ण, स्तनाच्या कॅन्सरचे ३१ आणि ८३ निरोगी माणसं. नमुने श्वासाचे. फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी सेन्सिटिव्हिटी ९९ टक्के, स्पेसिफिसिटीही ९९ टक्के! मी खूश. तेवढ्यात एका सिनिअरने विचारलं, "कंट्रोल कोण होते?"

"निरोगी."

"मग ठणठणीत माणूस खोकत ओपीडीत येतो का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

विचार करा. आपल्याकडे खोकत येणाऱ्याला टीबी असू शकतो, दमा असू शकतो, वर्षानुवर्षं विडी ओढून फुफ्फुस खराब झालेलं असू शकतं. डॉक्टरांना यांतून कॅन्सर वेगळा काढायचा असतो. कुत्र्याला 'आजारी' आणि 'निरोगी' यांतला फरक कळला, म्हणजे कॅन्सर कळला असं होत नाही.

आता दुसरा पेपर बघा. २००४, 'ब्रिटिश मेडिकल जर्नल', इंग्लंडमधला गट. मूत्राशयाचा कॅन्सर, लघवीचे नमुने. दर वेळी सात नमुने, त्यांतला एकच रुग्णाचा. सहा कुत्र्यांना प्रत्येकी नऊ संधी. ५४ पैकी २२ वेळा बरोबर, म्हणजे ४१ टक्के. नुसता अंदाज मारला असता तर सातात एक, साधारण १४ टक्के.

४१ हा आकडा बातमीसाठी फिकाच. पण मला हा पेपर जास्त आवडतो. कंट्रोलमध्ये नुसते निरोगी नव्हते, इतर आजारांचे रुग्णही होते. त्यामुळे कुत्रा रक्ताच्या किंवा जंतुसंसर्गाच्या वासावर भुलला, ही शंका कमी होते. चाचणीचे नमुने प्रशिक्षणापेक्षा वेगळे होते. आणि लेखकांनी शीर्षकातच सांगून टाकलं की हा फक्त तत्त्व तपासणारा अभ्यास आहे.

त्यात एक किस्साही आहे. प्रशिक्षणात एका कंट्रोलच्या नमुन्याला सगळे कुत्रे कॅन्सर म्हणत होते. आधीच्या तपासण्या स्वच्छ होत्या. पुन्हा तपासलं तर त्या व्यक्तीच्या मूत्रपिंडात कॅन्सर सापडला. अंगावर काटा येतो ना? पण हे एक उदाहरण आहे. त्यावरून शोध पुढे न्यायचा, निष्कर्ष काढायचा नाही.

नमुने वेगळे असण्यावर मी एवढा जोर का देते? २०१४ मध्ये इंग्लंडमध्येच प्रोस्टेट कॅन्सरवर असा प्रयोग झाला. दहा कुत्र्यांपैकी दोनच शेवटच्या फेरीपर्यंत पोहोचले. प्रशिक्षणात ते छान चालले होते. अनोळखी नमुने आले आणि गडबडले. लेखकांचा अंदाज असा की, कुत्र्यांनी कॅन्सरचा वास शिकण्याऐवजी एकेका नमुन्याचा वासच लक्षात ठेवला असावा. जुन्या प्रश्नपत्रिकांची उत्तरं पाठ करून पेपरला बसणारे आपणही पाहिलेत! मशीन लर्निंगवाल्यांनो, ही चूक तुमच्याही ओळखीची असेल.

आणि समजा ९९ टक्के खरे धरले, तरी हिशोब करून बघा. १०,००० जणांची तपासणी केली. त्यांत एक टक्का, म्हणजे १०० जणांना कॅन्सर आहे. त्यांतले ९९ सापडतील. उरलेल्या ९,९०० निरोगींपैकी एक टक्का, म्हणजे ९९ जणांनाही 'कॅन्सर' म्हटलं जाईल. म्हणजे कुत्र्याने खूण केलेल्यांपैकी निम्मे निरोगी! त्यांच्या झोपा उडणार, सुया टोचल्या जाणार, घरची जमापुंजी हलणार. आजार आणखी दुर्मीळ असेल तर प्रमाण अजून बिघडेल.

माझा कुत्र्यांना विरोध नाही. काहीतरी गंध आहे, हे ४१ टक्क्यांनी दाखवलं. तो कोणत्या रेणूंचा, हे शोधणं हा उत्तम विषय आहे. फक्त प्रपोजल लिहिण्याआधी, वाचलेल्या प्रत्येक पेपरच्या समासात तीन गोष्टी लिहा: कंट्रोल कोण होते, चाचणीचे नमुने नवे होते का, आणि प्रत्यक्ष येणाऱ्या शंभर लोकांत आजारी किती असतील. टक्केवारी त्यानंतर वाचा. मी त्या दिवशी उलट क्रमाने वाचलं होतं.