प्रेमापोटी देव माणूस झाला?
ख्रिस्ती देहधारणेच्या सिद्धान्ताची एक समीक्षा

गतवर्षीच्या वर्षावासात जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील केदारखेडा या गावी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू होते. वाचनाची जबाबदारी प्रस्तुत लेखकाकडे होती. तथागत मार्गदाता आहेत, मोक्षदाता नव्हेत, हे प्रकरण त्या सायंकाळी पूर्ण झाले. श्रोत्यांत जालन्याहून नातलगांकडे आलेले एक वयोवृद्ध ख्रिस्ती गृहस्थ होते. ते शांतपणे म्हणाले, “भाऊ, तुमचे बुद्ध वाट दाखवतात हे मान्य. पण जो खड्ड्यात पडला आहे त्याला वाट दाखवून काय उपयोग? आमचा देव प्रेमापोटी स्वतः खड्ड्यात उतरला.” मी लगेच बावीस प्रतिज्ञांतील चौथ्या प्रतिज्ञेचा आधार घेतला, ईश्वराने अवतार घेतला यावर आमचा विश्वास नाही, असे सांगितले. ते हसून म्हणाले, “अवतार वेगळा आणि हे वेगळे.” त्या दिवशी मला पुढे उत्तर सुचले नाही. प्रतिज्ञा उच्चारली म्हणजे वाद जिंकला अशी आपल्या वक्त्यांना सवय जडली आहे. मीही तेच केले होते.

प्रथम त्या गृहस्थांचे म्हणणे कितपत खरे आहे ते पाहिले पाहिजे. वैदिक परंपरेतील अवतार दुष्टांच्या निर्दालनासाठी येतो, कार्य आटोपतो आणि आपल्या स्थानी परत जातो. मानवी देह त्याच्या दृष्टीने वेषासारखा असतो. ख्रिस्ती सिद्धान्त असा नाही. इ. स. 325 च्या निकीया येथील आणि 451 च्या कॅल्सिडन येथील धर्मपरिषदांनी निक्षून ठरविले की येशू पूर्णपणे देव आणि पूर्णपणे मनुष्य होता. त्याची भूक, त्याचे अश्रू, क्रुसावरील त्याच्या वेदना खऱ्या होत्या. येशूचा देह केवळ भासमान होता असे म्हणणाऱ्यांना त्यांनी पाखंडी ठरविले. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने हीच कल्पना मांडली आहे: ख्रिस्ताने देवपणाला चिकटून न राहता स्वतःस रिक्त केले, दासाचे रूप घेतले आणि मरण पत्करले. हा देव मारण्यासाठी येत नाही, मारला जातो. एवढा भेद आपण प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. उलट ‘महावस्तु’ या लोकोत्तरवादी बौद्ध ग्रंथात तथागतांचे स्नान, भोजन, औषधसेवन हे सर्व केवळ लोकरीतीस अनुसरून चालले होते, त्यांना त्याची गरज नव्हती, असे म्हटले आहे. माणूस असलेल्या बुद्धाला भासमान करण्याचा हा प्रमाद आपल्याच घरात घडला होता.

मराठीत मात्र या सिद्धान्ताची वाट अवतारकल्पनेच्या अंगणातूनच गेली. इंग्लंडहून 1579 साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सने ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि ते 1616 साली रायतूर येथे छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ मराठी भाषेचे भूषण आहे यात शंका नाही. त्याचा वर्ण्यविषयच मुळी तारणाऱ्या येशूचे या संसारात येणे हा आहे. स्टीफन्सने पुराणाचा साचा घेतला, ओवी घेतली, स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्दही घेतला. ज्या श्रोत्यांसाठी त्याने हे केले त्यांची जुनी पुराणे राजसत्तेने हिरावून घेतली होती. गोव्यात 1560 पासून धर्मन्यायपीठ, म्हणजेच इन्क्विझिशन, बसले होते. देवाने दासाचे रूप घेतल्याची कथा त्या श्रोत्यांना धन्याच्या तोंडून ऐकावी लागली. स्टीफन्सच्या मायाळू लेखणीला याचा दोष देता येणार नाही, पण ग्रंथ वाचताना हा संदर्भ दृष्टीआड करणेही योग्य नव्हे.

तीनशे वर्षांनंतर रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी हाच विषय वेगळ्या अंतःकरणाने हाताळला. 1895 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. वारकरी संतांच्या, विशेषतः तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे पोहोचलो अशी त्यांची धारणा होती. ख्रिस्ताला ते माउली म्हणून हाक मारतात. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ 1919 मध्ये त्यांच्या निधनाने अपुरे राहिले. लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले व 1938 साली ते प्रसिद्ध झाले. टिळकांच्या रचनांत सिद्धान्ताचा ताठरपणा वितळून केवळ वात्सल्य उरते. त्यामुळेच त्या वाचताना ख्रिस्तेतर मराठी माणसाचेही मन हेलावते. परंतु समीक्षकाला येथेच थांबून विचारावे लागते की, भक्तीच्या ज्या पुलावरून टिळक गेले, त्या पुलावर आमचे पूर्वज कोठे उभे होते?

प्रेमापोटी खाली येणारा देव आमच्या पूर्वजांना परका नव्हता. चोखोबांची पत्नी सोयराबाई बाळंत होत असता विठ्ठल चोखोबांच्या बहिणीचे, निर्मळेचे, रूप घेऊन महारवाड्यात आला आणि त्याने सुईणपण केले, अशी आख्यायिका आहे. देवाने याहून खाली काय उतरावे? अस्पृश्याच्या झोपडीत, स्त्रीच्या रूपात, विटाळाच्या खोलीत तो आला. आणि तरीही चोखोबांची समाधी पंढरीच्या महाद्वाराबाहेरच राहिली. मंगळवेढ्यात वेठीचे काम करताना कोसळलेल्या भिंतीखाली ते 1338 साली दगावले. त्यांच्या जातीसाठी ते दार उघडायला 1947 साल उजाडावे लागले, त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले. देव रात्री झोपडीत येऊन गेला आणि सकाळी गावाची रचना जशीच्या तशी राहिली. प्रेमाच्या अवतरणाची ही आमच्या इतिहासाने घेतलेली परीक्षा आहे, आणि ख्रिस्ती सिद्धान्तालाही तीच लावणे न्याय्य ठरेल.

ती परीक्षा लावण्यासाठी जालन्याहून योग्य स्थळ नाही. रेव्हरंड नारायण शेषाद्री या ब्राह्मण कुळातील गृहस्थांनी 1843 साली मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढे 1860 च्या दशकात निजामाच्या राज्यातील जालना छावणीच्या परिसरात काम सुरू केले. तेव्हा मांग म्हणविल्या जाणाऱ्या समाजात त्यांनी प्रामुख्याने कार्य केले. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून त्यांना जमीन मिळाली आणि तेथे ‘बेथेल’ ही वसाहत उभी राहिली. ज्या समाजाला गावाने गुन्हेगार ठरविले होते, ज्याची सावलीही नकोशी होती, त्यांच्या शेजारी एक शास्त्री घराण्यातील माणूस राहिला. 1855 साली मुक्ता साळवे या मांग समाजातील चिमुरडीने ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात आमचा धर्म तरी कोणता, असे ईश्वरालाच विचारले होते. बेथेल हे त्या प्रश्नाला मिळालेले एक उत्तर होते, आणि ते उपहासाने उडवून देण्याजोगे नाही. त्या वयोवृद्ध गृहस्थांच्या पूर्वजांना कोणीतरी स्पर्श केला होता. आपल्या पूर्वजांना तोही मिळाला नव्हता.

माझा आक्षेप निराळा आहे आणि तो बाबासाहेबांकडून घेतला आहे. ज्यासाठी देव खाली येतो ते पाप कोणाचे? ख्रिस्ती मीमांसेत देहधारणेचा हेतू पापक्षालन हा आहे. आदिपुरुषाच्या अवज्ञेमुळे मानवजात पतित झाली, ते ऋण मनुष्य फेडू शकत नाही, म्हणून देवाला मनुष्य व्हावे लागले. अकराव्या शतकाच्या अखेरीस आन्सेल्म या धर्मपंडिताने ही तर्कमालिका अत्यंत रेखीवपणे बांधली. आता हा उपदेश बेथेलच्या मातंग शेतकऱ्याला लावून पाहा. त्याचे दुःख त्याने केलेल्या पापातून आले आहे की त्याच्यावर केल्या गेलेल्या पापातून? बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीची चिकित्सा आहे. तेथे त्यांनी नेमके हेच दाखविले की, आपली अधोगती आपल्याच पापाचे फळ आहे असे मनावर ठसलेला माणूस भोवतालची परिस्थिती बदलण्याची प्रेरणा गमावतो. कर्मविपाकाने आमच्या पूर्वजांना गेल्या जन्मीचे गुन्हेगार ठरविले होते. येथे आदामाच्या अपराधाचे वारसदार ठरविले गेले. खड्ड्यात उतरलेला देव पडलेल्याला क्षमा करतो, परंतु खड्डा कोणी खणला हे विचारीत नाही.

आणखी एक गोष्ट. उतरण्याला उंची लागते. जो खाली येतो तो मुळात वर होता, आणि त्याचे वर असणे त्याच्या खाली येण्याने अधिकच थोर ठरते. ज्याच्यासाठी तो आला त्याच्या वाट्याला कृतज्ञता येते, बरोबरी येत नाही. 1938 सालाच्या प्रारंभी सोलापूरच्या ख्रिस्ती बांधवांपुढे बोलताना बाबासाहेबांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तित्वांविषयी आदर व्यक्त केला होता. त्याच वेळी दक्षिणेतील चर्चमध्ये पाळल्या जाणाऱ्या जातिभेदाकडेही त्यांनी बोट दाखविले होते. देवाने स्वर्ग सोडला, पण त्याच्या भक्तांना बाक सोडवेना!

यावर ख्रिस्ती पक्षातूनच एक दमदार उत्तर आले आहे आणि त्याची दखल न घेणे अप्रामाणिकपणाचे होईल. महाराष्ट्रातील ख्रिस्ती धर्मपंडित अरविंद निर्मळ यांनी 1980 च्या दशकात दलित ईश्वरमीमांसेचा पाया घातला. येशू हा स्वतःच दलित आहे, त्याचा देवही दलितांची सेवा करणारा देव आहे, अशी त्यांची मांडणी आहे. येथे पाप हे दडपणाऱ्याचे ठरते आणि माझ्या पहिल्या आक्षेपाची धार बोथट होते, हे मी मान्य करतो. परंतु येशूला त्याच्या पीडित बांधवांत इतके मिसळून टाकल्यावर त्याच्या देवत्वाला कोणते काम उरते, हा प्रश्न त्या मांडणीतच दडला आहे. खुद्द पंडिता रमाबाई 1885 च्या सुमारास चेल्टनहॅमहून लिहिलेल्या पत्रांत ख्रिस्ताच्या देवत्वाविषयी आपल्या आध्यात्मिक मातेशी झगडत होत्या. धर्मगुरू सांगतात म्हणून मी मानणार नाही, स्वतः वाचून ठरवीन, हा त्यांचा बाणा होता. पुढे त्यांची श्रद्धा दृढ झाली. तथापि त्या पत्रांतील रमाबाई कालामांच्या सभेत शोभल्या असत्या.

आता खड्ड्याच्या प्रश्नाकडे येतो. विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने व्याकूळ झालेला एक भिक्षू आपल्याच मलमूत्रात पडून होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नसल्याने कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, दोघांनी उचलून मंचकावर निजविले. मग भिक्षूंना जमवून त्यांनी सांगितले की, येथे तुमची शुश्रूषा करायला आई नाही, बाप नाही. तुम्ही एकमेकांची केली नाही तर कोण करील? ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने रुग्णाची करावी. मार्काच्या शुभवर्तमानात येशूच्या स्पर्शाने कोडी तत्काळ शुद्ध होतो. महावग्गात चमत्कार नाही. तेथे पाण्याचे भांडे आहे, दोन माणसांचे हात आहेत आणि त्यानंतर संघाला लागू झालेला नियम आहे. म्हणजे मार्गदाता हा काठावर उभा राहून बोट दाखविणारा असतो, ही त्या गृहस्थांची समजूत बरोबर नव्हती. आणि ती दूर न करता मी प्रतिज्ञेचा आडोसा घेतला ही माझी चूक होती.

हे लिहिताना आपल्या घराकडेही पाहावे लागते. कित्येक ठिकाणी बुद्धमूर्तीपुढे नारळ फुटतात, नवस बोलले जातात. बाबासाहेब आमच्या उद्धारासाठी ‘अवतरले’ अशी गाणी ध्वनिक्षेपकावर वाजतात. ज्यांनी अवतार नाकारला त्यांनाच अवतार करणे ही चूक भोळेपणाची म्हणून सोडून देता येत नाही. उद्धारकर्ता येऊन गेला असे एकदा ठरले की शेजारच्या आजाऱ्याला उचलण्याचे काम आपले राहत नाही. या बाबतीत मिशनच्या दवाखान्यांतील परिचारिका आपल्यापेक्षा महावग्गाच्या अधिक जवळ होत्या, हे कटू असले तरी खरे आहे.

लूकच्या शुभवर्तमानात येशूनेच सांगितलेली एक कथा आहे. लुटारूंनी मारून टाकलेला एक मनुष्य वाटेत पडला होता. पुरोहित बाजूने निघून गेला, आणि ज्याला यहुदी तुच्छ मानीत त्या शोमरोनी मनुष्याने त्याच्या जखमा बांधल्या. तो वरून आला नव्हता. तो त्याच वाटेने चालला होता. या वर्षावासात त्या वयोवृद्ध गृहस्थांना केदारखेड्यास पुन्हा येण्याचा निरोप पाठविला आहे. त्यांनी ही कथा वाचावी, मी महावग्गातील प्रसंग वाचावा, आणि मग खड्ड्याविषयी बोलावे, असे ठरले आहे.