कौल, शकुन आणि निर्णयबुद्धि : एक परीक्षण

मुंबई इलाख्यांतील खेड्यापाड्यांच्या शाळामास्तरांकडून लोकसमजुतींची माहिती गोळा करावी, अशी योजना कै. ए. एम्. टी. जॅक्सन यांनीं आंखली होती. 1909 सालच्या डिसेंबरांत नाशिक येथें ते मारले गेले. त्यांच्या मागें ती सामग्री आर्. ई. एन्थोव्हेन यांनीं जुळवून गुजराथचा भाग 1914 सालीं आणि कोंकणचा भाग 1915 सालीं इंग्रजींत प्रसिद्ध केला. कोंकणच्या भागांत तळटीपांमध्यें 'शाळामास्तर, अमुक गांव' एवढाच निर्देश येतो. प्रस्तुत लेखकानें पालघर-बोईसर या टापूंतच सारें आयुष्य मास्तरकींत घालविलें असल्यामुळें त्या निनांवी व्यवसायबंधूंविषयीं त्याला आपुलकी वाटते. तथापि आपुलकी निराळी आणि परीक्षण निराळें. कौल, शकुन व प्रश्न यांविषयीं त्या संग्रहांत आणि पुढील बहुतेक लेखनांत जी एक उणीव राहून गेली आहे, ती दाखविणें हा या लेखाचा उद्देश आहे.

उणीव ती ही कीं, साधनाचें वर्णन होतें, प्रश्नाचें होत नाहीं. कौल कसा लावतात हें सर्वांस ठाऊक आहे. देवाच्या मूर्तीवर ठरलेल्या जागीं फुलाच्या कळ्या, पाकळ्या किंवा भिजविलेले तांदूळ चिकटवावयाचे, गुरवानें गाऱ्हाणें घालावयाचें, आणि उजवीकडचें आधीं पडलें तर होकार, डावीकडचें पडलें तर नकार मानावयाचा. कोठें चिमूटभर तांदूळ उचलून दाणे सम आले कीं विषम, हें मोजतात. हें सारें टिपून ठेवणें अवश्यच आहे. परंतु त्या दिवशीं कोणी काय विचारलें, तो प्रश्न कोणत्या शब्दांत मांडला, उत्तर मिळाल्यावर पृच्छकानें काय केलें, आणि त्याचें फळ कोणाच्या पदरांत पडलें, या चार गोष्टी लिहिलेल्या क्वचितच आढळतात. त्यामुळें वाद नेहमीं एकाच मुद्द्यावर अडतो : कौल खरा ठरतो कीं खोटा? इतिहासाच्या अभ्यासकाला हा प्रश्न गौण वाटला पाहिजे. माणसें निर्णय कशीं घेत असत, हा त्याचा खरा विषय आहे.

या कामीं 'कौल' हा शब्दच आपणांस वाट दाखवितो. तो मूळ अरबी असून त्याचा अर्थ बोल, वचन असा आहे. आपल्या जुन्या दफ्तरांत तो दोन ठिकाणीं भेटतो. सरकार ओसाड पडलेल्या गांवच्या रयतेस 'या, वस्ती करा, जमीन लावा, इतकीं वर्षें सारा इतकाच घेऊं' असें लेखी आश्वासन देई, तो कौल. आणि देवाच्या पुढें गाऱ्हाणें घातल्यावर मिळे, तोहि कौलच. सरकारी कौलांत पुढच्या वर्षीं पाऊस किती पडेल याचें भाकित नसे. त्यांत अभय असे, आणि त्या अभयावर विसंबून कुणबी नांगर धरी. माझें म्हणणें असें कीं, देवाच्या कौलाचें स्वरूपहि मूळांत भविष्यकथनाचें नसून अनुमतीचें आहे. 'काय होईल' असें देवाला विचारीत नाहींत. 'करूं का नको' असें विचारतात. आजहि निवडणुकीच्या निकालास आपण जनतेचा कौल म्हणतों, तेव्हां हाच जुना अर्थ नकळत पाळतों.

संस्कृत ग्रंथकारांची दृष्टि याहून भिन्न दिसते, पण वाटते तितकी भोळी नाहीं. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंत शकुनांस अनेक अध्याय दिले आहेत. शकुन फळ उत्पन्न करीत नाहीं. जन्मांतरींच्या कर्माचा परिपाक तो केवळ कळवितो, अशी त्याची मांडणी आहे. हें तत्त्व मान्य करणें वा न करणें हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग होय. परंतु जो प्राणी रोगी, भ्यालेला, माजावर आलेला किंवा भक्ष्यासाठीं भांडत असलेला आहे, त्याचा शकुन धरूं नये, असेंहि तो सांगतो. कावळा भुकेनें ओरडत असेल तर त्यांत यात्रेकरूस कसलाहि निरोप नाहीं, हें त्याला उमगलें होतें. तसेंच ग्रंथाच्या आरंभीं, कपटानें, अंगांत आल्याच्या मिषानें किंवा कानगोष्टी ऐकून जो आदेश देतो, त्याला कांहींएक विचारूं नये, तो दैवज्ञच नव्हे, असें त्यानें बजाविलें आहे. मत्स्यपुराणांत तर सर्व चिन्हें एका बाजूस आणि मनाची प्रसन्नता एका बाजूस घालून दुसरीच जयाची श्रेष्ठ खूण ठरविली आहे. शाकुंतलांत दुष्यंताचा बाहु स्फुरतो खरा, पण संशयाच्या जागीं तो प्रमाण मानतो तें आपल्या अंतःकरणाच्या ओढीला. म्हणजे बाहेरचें चिन्ह हें आंतल्या मनाची चौकशी करण्याचें निमित्त होय, ही जाणीव आमच्या परंपरेंत पूर्वींपासून आहे.

पांसे टाकून प्रश्न पाहण्याची विद्याहि अशीच जुनी. 1890 सालीं मध्य आशियांत कुचा येथें मिळालेल्या आणि पुढें हर्नले यांनीं संपादिलेल्या बॉवर हस्तलिखितांत पाशकविद्येचीं दोन लहान प्रकरणें आहेत. चार अंकांचा पांसा तीन वेळां पडला कीं चौसष्ट प्रकार होतात, आणि प्रत्येकाचें उत्तर थेट पृच्छकास उद्देशून दिलेलें असतें. रमलांत चार ओळी व प्रत्येक ओळींत एक वा दोन बिंदु, म्हणून सोळा आकृति. गणित स्वच्छ आहे. परंतु उत्तरांचा सांचा आधींच ठरलेला असल्यामुळें त्यांतून आपल्या प्रसंगास लागू पडेल तें वेंचण्याचें काम पृच्छकाकडेच राहतें. ग्रंथ सोळा किंवा चौसष्ट दारें दाखवितो, आंत शिरतो तो माणूस.

याउलट बाजूचा साक्षी कौटिल्य. त्याला राजपुरोहित निमित्तें जाणणारा हवाच होता. तथापि जो पोरकटपणें नक्षत्रांस वरचेवर विचारीत बसतो त्याच्या हातून अर्थ निसटतो. अर्थाचें नक्षत्र अर्थच, तारका काय करणार, असा त्याचा अभिप्राय अर्थशास्त्राच्या नवव्या अधिकरणांत आहे. या अभिप्रायाची कसोटी पाहावयास आम्हांस दूर जावें लागत नाहीं. 1739 सालच्या जानेवारींत चिमाजी आप्पांच्या फौजांनीं केळवें-माहीम आणि तारापूर हीं ठाणीं फिरंग्यांकडून घेतलीं व मे महिन्यांत वसई घेतली. पेशवाईंत मुहूर्त पाहात नसत असें कोण म्हणेल? पण तारापूरचा कोट पडला तो मोर्चे, सुरुंग आणि माणसें यांच्या बळावर. आणि त्याच हल्ल्यांत बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले. एकच दिवस एका बाजूस जयाचा व एका घरास आकांताचा ठरला. त्या दिवसाला शुभ म्हणावें कीं अशुभ, हें कोणत्याहि पंचांगानें सांगतां येणार नाहीं. वसईसाठीं चिमाजी आप्पांनीं वज्रेश्वरीस नवस केल्याची परंपरा प्रसिद्ध आहे. पण नवस हा कौल नव्हे. नवसांत निर्णय झालेला असतो आणि माणूस स्वतःस बांधून घेतो. कौलांत निर्णय व्हावयाचा असतो. स्थानिक लेखनांत या दोहोंची गल्लत वारंवार होते, म्हणून हा भेद येथें नमूद करतों.

आतां एक पाहिलेली गोष्ट. बोईसरच्या बाजूस कारखाने वाढूं लागले तेव्हां माझ्या ओळखीच्या एका वृद्ध शेतकऱ्यापुढें जमीन विकावी कीं नाहीं असा पेंच पडला. मुलगे विकण्याच्या मताचे होते. म्हाताऱ्यानें कौल लावविला. उजवी कळी पडली. गुरव म्हणाला, "बाबा, देवानं व्हय दिलान." म्हाताऱ्याचें तोंड उतरलें. तो म्हणाला, "पुन्यांदा लाव." पुन्हा उजवी. तिसऱ्यांदा लावावयास सांगितल्यावर त्याचा धाकटा मुलगा म्हणाला, "बाबा, तुमच्या मनांत विकायची नाय, तर तसं सांगा ना." सर्व मंडळी कांहीं वेळ स्तब्ध राहिली. पुढें विहिरीकडचा तुकडा राखून बाकीची जमीन द्यावी असें त्यांचें घरांतल्या घरांत ठरलें. येथें कौल खरा ठरला कीं खोटा? हा प्रश्नच येथें लागू पडत नाहीं. जें त्या घरांत महिनाभर कोणी बोललें नव्हतें, तें त्या सकाळीं बोललें गेलें. एवढें काम त्या कळीनें केलें.

परदेशीं संशोधकांनीं या दिशेनें विचार केला आहे. लाब्राडॉरमधील नास्कापी शिकारी रानसांबराचें खांद्याचें हाड विस्तवावर धरून त्यावर पडलेल्या भेगांवरून शिकारीची दिशा ठरवीत. 1957 सालीं ओमर खय्याम मूर यांनीं असें सुचविलें कीं, यामुळें शिकाऱ्यांचें तेंच तें ठराविक वळण मोडत असे आणि जनावरांसहि त्यांचा मार्ग ओळखतां येत नसे. आफ्रिकेंतील अझांदे लोक कोंबड्यास विष घालून प्रश्न विचारीत, आणि पहिल्या उत्तराची खातरजमा उलट प्रश्न विचारून करीत. त्यांच्यांत राहिलेल्या एव्हान्स-प्रिचर्ड यांनीं 1937 सालच्या ग्रंथांत कबूल केलें आहे कीं, आपलें घरकामहि त्या रीतीनें चालविण्यास कांहीं अडचण पडली नाहीं. हे दाखले मोलाचे आहेत. पण येथेंच थांबून 'शकुन हें आत्मपरीक्षणाचें साधन' असा जयघोष करणाऱ्या आजच्या लेखकांशीं माझा मतभेद सुरू होतो. कारण त्याच अझांदे लोकांत तें विष मुख्यतः चेटूक कोणी केलें हें शोधण्यासाठीं वापरलें जाई.

आमच्या जिल्ह्यांतहि हीच दुसरी बाजू आहे, आणि ती भयंकर आहे. के. जे. सावे यांचें वारल्यांवरील इंग्रजी पुस्तक 1945 सालीं निघालें. वारली भगताची ओळख शहरांतील वाचकांस ज्या लेखनांतून झाली, त्यांत तें अग्रगण्य होय. भगत तांदळाचे दाणे पाहतो, दुखणें कशाचें तें सांगतो. 'कोणत्या देवाचें देणें राहिलें' असा प्रश्न असेल तर उत्तराचा भार विचारणाराच्याच घरावर पडतो. एखादें कोंबडें, एखादा नारळ. परंतु 'करणी कोणी केली' असा प्रश्न झाला कीं तेच दाणे तिसऱ्याच माणसावर जाऊन पडतात, आणि तें माणूस बहुधा एकटी राहणारी बाई असते. माझ्या वर्गांतील एक मुलगा असाच एकाएकीं शाळेंत येईनासा झाला. चौकशी केली तेव्हां कळलें कीं, पाड्यावरच्या एका पोराच्या तापाबद्दल दाणे पाहिले गेले, त्याच्या मावशीस भुताळी ठरविलें, आणि सारें कुटुंब रातोरात गांव सोडून गेलें. हजेरीपटावर मीं त्याच्या नांवापुढें 'गैरहजर' लिहीत राहिलों. त्याहून अधिक कांहीं केलें नाहीं, ही खंत अद्याप जात नाहीं. महाराष्ट्रांत 2013 सालच्या जादूटोणाविरोधी कायद्यानें एखाद्यास करणी करणारा म्हणून जाहीर करणें हा गुन्हा ठरविला, तो योग्यच होय.

तेव्हां माझा निष्कर्ष असा. कौल, पांसे, दाणे, रमल यांची परीक्षा साधनावरून करूं नये, प्रश्नावरून करावी. ज्या प्रश्नाचें फळ विचारणारानें स्वतः भोगावयाचें आहे, जेथें उत्तर नाकारण्याची मोकळीक आहे, आणि जेथें विचारल्यानंतरहि बुद्धीचें काम शिल्लक राहतें, तेथें हीं साधनें निर्णयास साह्य करूं शकतात. ज्या प्रश्नाचें फळ गैरहजर माणसावर पडतें, तेथें तीं साधनें नसून शस्त्रें होत. वराहमिहिरानें अंगांत आल्याचें सोंग करणारास विचारूं नये म्हटलें, त्याचें मर्म हेंच दिसतें : अशा आदेशाची जबाबदारी कोणावरच राहत नाहीं.

कोणी म्हणेल, हा भेद आधुनिक असून जुन्या लोकांवर लादलेला आहे. तसें मला वाटत नाहीं. सरकारी कौलांत देणाराचें नांव असे, घेणाराचें नांव असे, मुदत असे. तिऱ्हाइताची जमीन त्यांत कोणी लिहून देत नसे. देवाच्या कौलासहि तोच दंडक लावावा, एवढेंच माझें म्हणणें आहे.

एन्थोव्हेन यांच्या संग्रहाची थोरवी यामुळें कमी होत नाहीं. त्या मास्तरांस जें विचारलें गेलें, त्याचें उत्तर त्यांनीं प्रामाणिकपणें दिलें. उणीव प्रश्नावलीची आहे. 2014 सालच्या ऑगस्टपासून पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला असून किनाऱ्यावरचीं देवळें, डोंगराकडचे पाडे आणि कारखान्यांच्या वसाहती त्यांत शेजारीं शेजारीं नांदत आहेत. येथें नव्यानें टिपणें घेणारानें कौलाच्या प्रत्येक नोंदींत प्रश्न शब्दशः लिहावा, पृच्छकानें पुढें काय केलें तें लिहावें, आणि झळ कोणास लागली तें अवश्य लिहावें. मात्र ज्यांस झळ लागली त्यांचीं नांवें छापूं नयेत. या मताच्या विरुद्ध ज्यांच्यापाशीं प्रमाणें असतील, त्यांनीं तीं पुढें मांडावीं. त्यांचा विचार करण्यास प्रस्तुत लेखक तयार आहे.