नाकारलेले निमंत्रण : एका पत्राचे पुनर्वाचन

आंतरजालावरील दोन समूह परस्परांशी जोडले जाऊ शकत असूनही तसे करीत नाहीत, तेव्हा त्याची संभावना संकुचितपणा म्हणून केली जाते. २०२३ मध्ये 'मेटा' कंपनीने आपले 'थ्रेड्स' हे व्यासपीठ 'मॅस्टोडॉन' ज्याचा भाग आहे त्या विकेंद्रित जाळ्याशी जोडण्याचा मनोदय जाहीर केला. तेव्हा त्या जाळ्यातील काही लहान समूहांच्या चालकांनी ही जोडणी आगाऊच नाकारली. या नकाराचा अर्थ लावताना मराठी वाङ्मयव्यवहारातील एक जुना नकार उपयोगी पडतो.

१८८५ मध्ये पुण्यातील मराठी ग्रंथकार सभेसाठी न्या. म. गो. रानडे यांनी दिलेले निमंत्रण जोतीराव फुले यांनी पत्राने नाकारले. हे पत्र बहुधा रोषाचा दस्तऐवज म्हणून वाचले जाते. त्याची तर्करचना मात्र अधिक काटेकोर आहे. माणसाचे हक्क जे मनापासून मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभा व ग्रंथ यांच्याशी आपला मेळ बसणार नाही, हे तिचे पहिले पद. शूद्रातिशूद्रांनी आपला विचार आपणच करावा, हे दुसरे. परंतु पत्र एवढ्यावर थांबत नाही. ऐक्य खरोखरच हवे असेल, तर सर्व माणसांत बंधुभाव कशाने वाढेल हे शोधून ग्रंथरूपाने मांडावे, असे आव्हानही त्यात आहे. शिवाय ते 'ज्ञानोदया'त, म्हणजे मिशनऱ्यांच्या नियतकालिकात, प्रसिद्ध झाले. नकार संवादाला नव्हता. यजमानाने एकतर्फी ठरविलेल्या अटींना होता.

पुढील इतिहासही हेच सुचवितो. १९५८ मध्ये मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. १९८४ मध्ये जळगावच्या अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्षपद शंकरराव खरात यांनी भूषविले. तरीही १९९९ मध्ये धारावीत, बाबूराव बागूल यांच्या अध्यक्षतेखाली, विद्रोही साहित्य संमेलन भरविण्याची गरज भासलीच. एका लेखकाला लाभलेला मान आणि समूहाला लाभलेली समता या दोन भिन्न गोष्टी होत.

या तुलनेला मर्यादा आहेत. फुल्यांसमोर जातिव्यवस्था होती. आजच्या चालकांसमोर महाकाय कंपनीच्या लोंढ्यात आपले नियम वाहून जाण्याची भीती. दोहोंना एकाच तराजूत तोलणे अन्यायाचे ठरेल. तथापि दोन्ही ठिकाणी जाब विचारला जातो तो नाकारणाऱ्याला. निमंत्रणाच्या अटी तपासल्या जात नाहीत. तौलनिक साहित्याभ्यासही संपर्क आणि प्रभाव यांचीच नोंद ठेवत आला आहे. जाणीवपूर्वक टाळलेला संपर्क हाही वाङ्मयीन संबंधच होय. त्याची नोंद घेतल्याविना आपला अभ्यास यजमानाच्या बाजूचाच राहील.