‘कोसला’तील ‘उदाहरणार्थ’ : निवड आणि जबाबदारी

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (१९६३) या कादंबरीचा विचार करताना मराठी समीक्षेने अस्तित्ववादातील परात्मता आणि निरर्थकता या संकल्पनांचा भरपूर उपयोग केला. जबाबदारीची संकल्पना त्या मानाने मागे पडली. वास्तविक झाँ-पॉल सार्त्र यांच्या १९४५ सालच्या पॅरिसमधील व्याख्यानात तिलाच मध्यवर्ती स्थान आहे. माणूस स्वतःसाठी निवड करतो तेव्हा तो सर्व माणसांपुढे एक नमुना ठेवीत असतो, आणि निवड टाळणे हीसुद्धा निवडच ठरते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. प्रस्तुत लेखात पांडुरंग सांगवीकरच्या भाषेकडे या दृष्टीने पाहिले आहे.

‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे पांडुरंगचे लाडके शब्द. त्यांतील विनोदाची चर्चा पुष्कळ झाली आहे. ‘उदाहरणार्थ’ म्हटले की स्वतःची कृती अनेक शक्यतांपैकी एक, कोणाचीही असू शकणारी, अशी होते. ‘वगैरे’ म्हटले की उरलेला हिशेब द्यावा लागत नाही. सार्त्र यांच्या विचारात माणूस उदाहरण होतो म्हणून त्याच्यावरील ओझे वाढते. पांडुरंग उदाहरण होऊन ते उतरवू पाहतो.

हिशेब हा शब्द येथे नुसता अलंकारिक नाही. पुण्याच्या वसतिगृहातील त्याच्या बेफिकिरीचा खर्च गावाकडची शेती उचलते. वडिलांविषयीचा त्याचा राग खरा आहे, पण पैसाही त्यांचाच आहे. भिवंडीत यंत्रमागावर पाळी करून महाविद्यालयात येणाऱ्या वाचकाला हे स्वातंत्र्य परवडणारे वाटणार नाही, आणि ही हरकत वाङ्मयबाह्य म्हणून बाजूला सारता येत नाही. बापलेकांच्या संघर्षात पैशाचा विषय कादंबरीच पुन्हापुन्हा काढते.

धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते तो भाग मात्र निराळा आहे. आल्बेर काम्यू यांच्या १९४२ सालच्या कादंबरीतील म्यर्सोला आईच्या मृत्यूनंतर लोकांना अपेक्षित असलेला शोक दाखवता येत नाही. पांडुरंगला शोक आवरत नाही. स्वतःच्या अपयशाविषयी हसत बोलणाऱ्या या माणसाला येथे तसे बोलणे जमत नाही.

शिक्षण फसून तो सांगवीला परततो. नेमाडे यांनी पुढे केलेल्या देशीवादाच्या मांडणीमुळे या परतण्याला जाणीवपूर्वक निवडीचे रूप देण्याचा मोह होतो. कादंबरीत त्याला पुरेसा आधार नाही. पांडुरंग गावी येतो, कारण दुसरीकडे जाण्याजोगे काही उरलेले नसते. त्यानंतर पंचविसाव्या वर्षी तो आपली हकिकत सांगू लागतो आणि पहिल्याच परिचयात ‘उदाहरणार्थ’ म्हणतो. गावी आल्यावरही ती सवय सुटलेली नाही.