दुसरं घर नसलेले नायक

2022 च्या एप्रिलमध्ये डीसी कॉमिक्सने जस्टिस लीग मारून टाकली. 75 व्या अंकात सुपरमॅन आणि वंडर वुमनसकट जवळजवळ सगळी टीम संपली. ती बातमी सांगायला ब्लॅक ॲडम तेवढा उरला. बॅटमन आणि वंडर वुमन यांची स्वतःची मासिकं मात्र दुकानांत नेहमीसारखी लागलेली होती. वर्ष उलटायच्या आत सगळे परतले. मग 2024 च्या नोव्हेंबरात ‘जस्टिस लीग अनलिमिटेड’ सुरू झालं. लेखक मार्क वेड, चित्रकार डॅन मोरा, आणि सदस्य म्हणाल तर डीसीच्या दप्तरातला जवळजवळ प्रत्येक नायक. मोराचं रेखाटन देखणं आहे, वेडला या विश्वाचा कानाकोपरा पाठ आहे. तरीही अंक मिटल्यावर मला त्यातल्या एकाही पात्राची काळजी वाटली नाही. पुढच्या महिन्यात यांचं काही बरंवाईट होणार नाही आणि झालंच तर ते दुसऱ्याच मासिकात होईल, हे मला पहिल्या पानापासून ठाऊक होतं.

या धंद्यात एक समजूत पक्की बसली आहे: जितकी मोठी नावं, तितका टीमचा खप. ती खरी असती तर जस्टिस लीग कायम पहिल्या क्रमांकावर असती. सुपरमॅन, बॅटमन आणि वंडर वुमन एका मुखपृष्ठावर आल्यावर आणखी काय हवं? पण 1980 च्या दशकात अमेरिकन बाजार ज्या दोन टीमनी गाजवला, त्या ‘एक्स-मेन’ आणि ‘न्यू टीन टायटन्स’. 1982 मध्ये डीसी आणि मार्व्हल या दोन्ही कंपन्यांनी मिळून काढलेल्या जोडअंकासाठी निवडल्या गेल्या त्याही याच दोन. त्यांतल्या बहुतेक नायकांना टीमबाहेर कोणी विचारत नव्हतं, आणि तेच त्यांचं बळ होतं.

ही गोष्ट पहिल्या टीमच्या काळातच कळलेली होती. 1940 मध्ये ‘ऑल स्टार कॉमिक्स’मधून जस्टिस सोसायटी आली तेव्हा रिवाज असा होता की ज्याला स्वतःचं मासिक मिळालं तो मानद सदस्य होऊन बाहेर पडायचा. फ्लॅश गेला, ग्रीन लँटर्न गेला. टीम होती ती ज्यांना दुसरं घर नाही त्यांच्यासाठी. 1960 मध्ये जस्टिस लीग आली आणि तो रिवाज मागे पडला. स्टॅन लीला तो लवकरच नव्याने आठवला असावा. 1963 मध्ये थॉर, आयर्न मॅन अशा चलतीच्या नायकांना घेऊन ‘ॲव्हेंजर्स’ काढल्यावर दोन वर्षांतच, 16 व्या अंकात, त्याने जवळजवळ सगळ्यांना रजा दिली. कॅप्टन अमेरिका राहिला आणि सोबत आले पूर्वाश्रमीचे तीन गुन्हेगार: हॉकआय, क्विकसिल्व्हर, स्कार्लेट विच. पुढे 1968 मध्ये रॉय थॉमस आणि जॉन बुसेमा यांनी व्हिजन आणला. व्हिजन आणि वांडा, म्हणजे स्कार्लेट विच, यांचं प्रेम, 1975 मधलं त्यांचं लग्न, त्यावरून टीममध्ये पेटलेली धुसफूस, ॲव्हेंजर्समधलं जे आजही वाचावंसं वाटतं ते इथे आहे. थॉर त्या पानांवर पाहुणाच आहे.

आता एक्स-मेन. 1970 मध्ये हे मासिक इतकं खंगलं होतं की मार्व्हलने नव्या कथा बंद करून पाच वर्षं जुन्याच कथा पुन्हा छापल्या. 1975 मध्ये लेन वीन आणि डेव्ह कॉक्रम यांनी ‘जायंट-साइझ एक्स-मेन’मधून नवी टीम उभी केली. केनियातली स्टॉर्म, जर्मन नाइटक्रॉलर, रशियन कोलोसस; कॅनडाचा वूल्व्हरिन एक वर्ष आधी हल्कच्या मासिकात चमकून गेला होता, एवढीच त्याची पत. लगेच लेखन ख्रिस क्लेअरमाँटकडे आलं, आणि 95 व्या अंकातच थंडरबर्ड मेला. नुकताच टीममध्ये आलेला माणूस! वाचकाला पहिल्याच फटक्यात कळलं की इथे कोणाच्या जिवाची हमी नाही.

लक्षात घ्या, खप रातोरात वाढला नाही. 1978 पर्यंत हे मासिक दोन महिन्यांतून एकदाच निघत होतं. जॉन बर्न चित्रकार म्हणून 1977 मध्ये आला आणि त्याने व क्लेअरमाँटने मिळून अंकामागून अंक पात्रं घडवली. मारामारी हवीच, पण दोन मारामाऱ्यांच्या मधल्या पानांवर वाचक अडकला: हवेलीतलं जेवण, बेसबॉलचा डाव, कोणाची कोणावर नजर, कोणाच्या मनात घर केलेली भीती. एका अंकात जाता जाता पडलेला प्रश्न वर्षभराने सुटायचा. 1980 मधल्या डार्क फिनिक्सच्या कथेत जीन ग्रे अब्जावधी लोकांचा ग्रह नष्ट करते. मूळ शेवटात तिची फक्त शक्ती जाणार होती. मुख्य संपादक जिम शूटरने बजावलं की एवढ्या संहाराला एवढी सौम्य शिक्षा चालणार नाही. शेवट पुन्हा लिहिला गेला आणि 137 व्या अंकात जीन मेली. 1963 पासूनचं पात्र! तिचं स्वतःचं मासिक असतं, तर हा निर्णय दहा टेबलांवर फिरून गुदमरला असता.

मृत्यूपेक्षाही मला 183 वा अंक मोठा वाटतो. दुसऱ्या जगात दुसरीच्या प्रेमात पडून परतलेला कोलोसस कोवळ्या किटी प्राइडचं मन मोडतो. वूल्व्हरिन त्याला दारूच्या गुत्त्यात घेऊन जातो, तिथे जगरनॉट भेटतो, कोलोसस बेदम मार खातो आणि वूल्व्हरिन मधे पडत नाही. त्या मुलीच्या वतीने ती शिक्षा आहे. महाखलनायकाशी झुंज आहे, पण पणाला जग लागलेलं नाही, एका पोरीचं दुःख लागलेलं आहे. हा प्रसंग जस्टिस लीगमध्ये लिहून पाहा. सुपरमॅनने कोणाचं मन मोडलं तर त्याचा हिशेब सुपरमॅनच्या मासिकात व्हायचा. याच सुमारास स्टॉर्मची शक्ती गेली, आणि बॅरी विंडसर-स्मिथने चित्रित केलेल्या 186 व्या अंकात तिचं ते कोसळणं संपूर्ण अंकभर उलगडलं. शक्ती नसताना 201 व्या अंकात तिने सायक्लॉप्सला हरवून नेतृत्व मिळवलं. वर्षानुवर्षं चाललेलं असं स्थित्यंतर लेखकाला करता येतं, कारण पात्र त्याच्या हाती आहे आणि लुईस सायमन्सन, ॲन नोसेंटी यांच्यासारख्या संपादक पाठीशी आहेत.

टायटन्सचं तेच. 1980 मध्ये मार्व वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांनी सायबॉर्ग, स्टारफायर, रेव्हन ही तीन पात्रं कोरी करकरीत घडवली. टेरा नावाची मुलगी 1982 मध्ये कथेत आणली ती दगा देऊन मरणार हे आधीच ठरवून, आणि वाचकाला मात्र दीड-दोन वर्षं तिचा लळा लावला. रॉबिन, म्हणजे डिक ग्रेसन, तर बॅटमनच्या घरचा. पण 1984 मध्ये तो नाइटविंग झाला आणि टायटन्सचाच झाला. बॅटमनला नवा रॉबिन मिळाला. उसना घेतलेला माणूस आपला करून घ्यायचा, हे या एका निर्णयात आहे. पेरेझ गेल्यावर ती जादू ओसरली, हेही विसरू नये.

बाकीच्यांबद्दल फार बोलायची गरज नाही. लिजन ऑफ सुपर-हीरोज म्हणजे सदस्यांची नावं पाठ करणाऱ्यांचा छंद. ‘द ऑथॉरिटी’त ब्रायन हिचची पानं भव्य आहेत आणि त्या भव्यतेत माणूस सापडत नाही.

माझ्याविरुद्ध दाखले आहेत, ते घेतो. पहिला डेट्रॉइटमधल्या जस्टिस लीगचा. 1984 मध्ये जेरी कॉनवेने जस्टिस लीगमधून बडी मंडळी काढून व्हाइब, जिप्सी, स्टील असे नवे चेहरे आणले. तीन वर्षांत गाशा गुंडाळावा लागला. पण नाव जस्टिस लीगच ठेवलं होतं. त्या नावाखाली वाचक सुपरमॅन शोधत होता आणि नव्या पोरांकडे बदली खेळाडू म्हणून बघत होता. लगोलग 1987 मध्ये गिफन, डीमॅटिस आणि मॅग्वायर यांनी ब्लू बीटल, बूस्टर गोल्ड अशा नायकांना घेऊन तीच लीग हसती-खेळती केली आणि ती खपली. बडे नायक तेव्हा त्यांच्या नव्या मासिकांत गुंतलेले होते, म्हणून लेखकांना मोकळं रान मिळालं.

दुसरा दाखला ग्रँट मॉरिसनच्या 1997 च्या ‘जेएलए’चा. सातही बडे नायक, उत्तम खप. मॉरिसनच्या कल्पनाशक्तीबद्दल मला आदर आहे. पण त्याच वर्षी सुपरमॅनच्या मासिकांनी त्याला निळा विद्युत्-देह दिला आणि मॉरिसनला आपल्या कथेत तोच निळा सुपरमॅन घ्यावा लागला. वंडर वुमनच्या मासिकात डायना मेली, तर इथे तिच्या जागी तिची आई उभी करावी लागली. लेखकाने टीम चालवायची आणि तिचं भवितव्य दुसऱ्यांनी ठरवायचं.

तिसरा, ‘न्यू ॲव्हेंजर्स’. 2005 मध्ये ब्रायन मायकेल बेंडिसने स्पायडर-मॅन आणि वूल्व्हरिन यांना टीममध्ये घेतलं म्हणून ते खपलं, असं सांगतात. पहिला अंक त्यामुळे खपला असेल. पण बेंडिस 2012 पर्यंत टिकून राहिला, आणि त्या सगळ्या काळात त्या मासिकाचं हृदय होतं ल्यूक केज आणि जेसिका जोन्स यांचं लग्न आणि त्यांचं मूल. त्या दोघांचं खरं घर हेच होतं.

फॅन्टास्टिक फोरला तर दुसरं घर फारसं नव्हतं, मग ते का घसरलं? स्टॅन ली आणि चित्रकार कर्बी यांच्या 102 अंकांत टीममधल्या रीड आणि सूचं लग्न झालं, 1968 मध्ये त्यांचा मुलगा फ्रँकलिन जन्मला. पुढे कित्येक दशकं तो लहान मूलच राहिला. मधे बर्नच्या काळात जीव आला, पण घर थिजवून ठेवल्यावर वाचक दारावरून परत जाणारच. 2015 मध्ये मासिक बंद पडलं, तीन वर्षांनी पुन्हा निघालं.

खपाच्या आकड्यांमागचा व्यवहार समजून घेतला पाहिजे. अमेरिकेत कॉमिक्सचे मासिक अंक मुख्यतः खास दुकानांत विकले जातात आणि उरलेला माल परत न घेण्याच्या बोलीवर. म्हणजे आकडा दुकानदाराच्या मागणीचा असतो. पहिला अंक आणि वेगवेगळी मुखपृष्ठं यांनी तो हवा तसा फुगवता येतो. 1991 मध्ये क्लेअरमाँट आणि जिम ली यांचा ‘एक्स-मेन’ क्रमांक 1 पाच मुखपृष्ठांसह आला, 80 लाखांवर प्रती गेल्या, विक्रम झाला. सोळा वर्षं ही टीम उभी करणारा क्लेअरमाँट तिसऱ्या अंकानंतर बाहेर पडला. ज्या माणसाने वाचक जमवला त्याच्यापेक्षा मुखपृष्ठांचा खेळ कंपनीला मोलाचा वाटला. जमवलेले गठ्ठे सोन्याचे होतील असं मानणाऱ्यांचा भ्रम फिटला, दुकानं बंद पडली आणि 1996 च्या डिसेंबरात मार्व्हलने दिवाळखोरी जाहीर केली. तरीही धडा घेतला गेला नाही. 1986 मध्ये ‘एक्स-फॅक्टर’साठी जीनला जिवंत करून 137 व्या अंकाचं मोल कमी केलं गेलंच होतं, 2019 मध्ये जोनाथन हिकमनने क्राकोआ बेटावर उभं केलेलं धाडसी जगही 2024 मध्ये आवरलं गेलं आणि त्याच वर्षी ‘एक्स-मेन’, ‘अनकॅनी एक्स-मेन’ आणि ‘एक्सेप्शनल एक्स-मेन’ असे तीन नवे पहिले अंक दुकानांत आले.

दर दोन वर्षांनी पहिला अंक काढणं म्हणजे जुन्या वाचकाला सांगणं, तुझी आतापर्यंतची गुंतवणूक आम्ही धरत नाही. तो मग निघून जातो. सिनेमाने नवा वाचक आणला असं म्हणावं तर तोही दिसत नाही. 2012 पासून ॲव्हेंजर्स जगभर पोचले, आपल्याकडेही घराघरांत पोचले, पण पडद्यावरून आलेल्या माणसाला दुकानात पाच वेगवेगळी मासिकं आणि त्यांना छेदणारी महाकथा दिसते, आणि नेमकं कुठून सुरू करायचं हे कोणी सांगत नाही.

उजेड दिसला तो ‘द अल्टिमेट्स’मध्ये. 2024 मध्ये डेनिझ कॅम्प आणि हुआन फ्रिगेरी यांनी सुरू केलेल्या या मासिकाचं जग मूळ विश्वापासून वेगळं होतं, त्यात खराखुरा काळ महिन्यागणिक पुढे सरकत होता, आणि तिथला नायक मेला तर दुसऱ्या टेबलाची परवानगी लागत नव्हती. कॅम्पने ते स्वातंत्र्य पुरेपूर वापरलं. मोठ्या नावांच्या टीमलाही असं जगता येतं, मोकळीक दिली तर.

म्हणून दोन्ही कंपन्यांकडे माझं मागणं सरळ आहे. एक टीम निवडा. तिच्यातल्या कोणाचंही स्वतंत्र मासिक काढू नका. एका लेखकाला आणि एका चित्रकाराला ती किमान पाच वर्षं द्या, कोणत्याही महाकथेसाठी त्यांचं काम अडवू नका, अंकांचे क्रमांक बदलू नका आणि मुखपृष्ठ एकच ठेवा. पहिल्या वर्षीचा खप पाहून हात आखडू नका. एक्स-मेनला मासिक व्हायलाच तीन वर्षं लागली होती.