माघारीचं बटण

‘कंपनी ऑफ हीरोज २’ (२०१३) खेळताना पहिला हिसका बर्फ देतो. हिमवादळात उघड्यावर रेंगाळलेली तुकडी गारठून मरते. गोठलेल्या नदीवर रणगाडा नेला आणि बर्फ फुटला, की तो गेलाच. रशियातला हिवाळा इथे देखावा नाही, नियम आहे.

मग येतं स्टालिनग्राड आणि आदेश क्रमांक २२७ : ‘एक पाऊलही मागे नाही!’ एरवी ‘माघार’ हे या खेळातलं सगळ्यात मायाळू बटण. ते दाबलं की पोरं जीव वाचवून तळाकडे धावतात. आदेश लागू असताना मात्र तेच दाबलं, तर आपलाच अधिकारी त्यांना गोळ्या घालतो. बोट अडखळतं.

२८ जुलै १९४२चा हा आदेश खराच आहे. पण १ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर या काळात पाळतीवरच्या तुकड्यांनी १,४०,७५५ जणांना अडवलं. त्यातले १,१८९ गोळ्या घालून मारले आणि १,३१,०९४ परत पाठवले, असं सोव्हिएत गुप्त पोलिसांचाच अहवाल सांगतो. १,१८९ हा आकडा लहान नाही. तरी खेळाने अपवादाचा नियम केला. रशियातले खेळाडू चिडले, वितरकाने विक्री थांबवली. विक्री थांबवून इतिहास दुरुस्त होत नाही, पण राग समजतो.

रणगाडे, गणवेश हुबेहूब करता येतात. खेळातला इतिहास तपासायचा तो नियमांत. पकडून पुन्हा आघाडीवर धाडलेल्या त्या सव्वा लाखांहून जास्त माणसांसाठी इथे बटणच नाही.