लांडाऊच्या दोन प्रस्तावना

मागच्या व्याख्यानानंतर पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी थांबली होती. म्हणाली, "सर, दोन अधिक तीन आणि तीन अधिक दोन सारखेच, हे सिद्ध करायला लावतात. सिद्धता पाठ केलीय. पण ती करायचीच कशाला, ते कळत नाही. मला गणित जमणार नाही का?" आजचं बोलणं तिच्या प्रश्नावर आहे. त्यासाठी एक जुनं पुस्तक घेऊ.

एडमुंड लांडाऊ यांचं 'विश्लेषणाचा पाया' हे पुस्तक १९३० साली जर्मनमध्ये आलं. पेआनोच्या पाच गृहीतकांपासून निघून ते पायरी पायरीनं वास्तव आणि संमिश्र संख्यांपर्यंत पोहोचतं. बेरजेत क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही, हे त्यातलं सहावं प्रमेय. पुस्तकाचा मोठा गुण म्हणजे सचोटी. 'हे उघडच आहे' म्हणून लांडाऊ पुढे सटकत नाहीत.

पण पुस्तकाला प्रस्तावना दोन आहेत. एक शिकणाऱ्यासाठी, दुसरी जाणकारासाठी. माझी तक्रार आहे ती या वाटणीबद्दल.

शिकणाऱ्याला ते सांगतात, शाळेत शिकलेलं विसरून जा. स्वतःच्या मुलींनाही कोपरखळी मारतात: कलन शिकल्या, पण गुणाकारात क्रम का चालतो ते ठाऊक नाही. ठीक आहे. पण ते ठाऊक नसल्यानं त्यांचं अडलं कुठे? त्यावर शब्द नाही.

जाणकारांच्या प्रस्तावनेत मात्र एक छान हकिगत आहे. लांडाऊंचे सहायक ग्रांजो त्यांच्या टिपणांवरून शिकवत होते. टिपणं परत करताना ते म्हणाले, एके ठिकाणी हे पुरत नाही, मला जादा गृहीतकं घ्यावी लागली. ती जागा म्हणजे बेरजेची व्याख्या! एक मिळवणं म्हणजे लगतच्या पुढच्या संख्येवर जाणं. मग दोन, तीन, असं पुढे. गणिती विगमनानं सगळ्या संख्यांसाठी झालंच, असं वाटतं. पण विगमन हे सिद्ध करण्याचं साधन. इथे तर वस्तूच अजून घडवायची आहे. शेवटी जादा गृहीतकं लागली नाहीत. पण अशी बेरीज असते, हे आधी सिद्ध करावं लागलं. डेडेकिंड यांनी १८८८ मध्येच अशा व्याख्यांना सिद्धता लागते हे दाखवलं होतं.

म्हणजे बघा, लांडाऊसारखा माणूसही इथे अडखळला. आणि विद्यार्थ्याला धीर देणारी नेमकी हीच गोष्ट विद्यार्थ्याच्या प्रस्तावनेत नाही!

हे एकदाच घडलेलं नाही. डेडेकिंड १८५८ साली झ्युरिकला पहिल्यांदा कलन शिकवायला उभे राहिले, तेव्हा आपण आकृतीचा आधार घेतोय, खालचा पाया मोकळाच आहे, हे त्यांना टोचलं. त्या टोचणीतून वास्तव संख्यांची त्यांची मांडणी निघाली. छापली १८७२ मध्ये. न्यूटन आणि लाइब्निझ यांचं घर तोवर दीडशेहून अधिक वर्षं नांदतं होतं. पाया नंतर आला, आणि आला तो शिकवणाऱ्याच्या अडचणीतून. आपण वर्गात उत्तर देतो, अडचण लपवतो. मग मुलं पाठ करतात, आणि दोष स्वतःला देतात.

आता त्या मुलीचा प्रश्न. बाळ, दोन अधिक तीन म्हणजे दोनपासून तीन पावलं. तीन अधिक दोन म्हणजे तीनपासून दोन पावलं. या दोन वेगळ्या चाली आहेत. वजाबाकीत अशी अदलाबदल केली की मुक्काम बदलतो. मग बेरजेत दोन्ही चाली एकाच जागी का पोहोचतात, आणि कितीही मोठ्या संख्या घेतल्या तरी? हा प्रश्न पडला की सिद्धता हवीशी वाटते. तो तुला पडला नाही, कारण कुणी तो समोर ठेवलाच नाही.

लांडाऊ जरूर वाचा. फक्त दुसरी प्रस्तावना आधी वाचा.